उपाशी नव्हे, निर्जळी

सासरच्या स्वयंपाकघरात पातेल्यात शाबू भिजत घातलेला मला दिसला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्यांच्यासाठी तो भिजत होता त्या मामांना तर नाहीच. भिजवलेल्या शाबूत लपवण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्या पातेल्यापायी एक माणूस मरता मरता वाचला, आणि दुसरा माणूस आपली नसलेली चूक आपलीच समजून आजतागायत जगतो आहे. मला लिहायचंय ते ह्या दुसऱ्या माणसाबद्दल. शाबूचं ओघात येईलच.

परंड्यात त्यांना सगळे ‘परत सांगा डॉक्टर’ म्हणतात. खरं नाव औषधाच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? स्टँडवर उतरून ‘परत सांगाकडं जायचंय’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. दवाखान्यात गेलं की डॉक्टर आधी ऐकून घेतात, मग तपासतात, मग काय झालंय ते समजावतात, आणि मग खुर्चीत मागं रेलून म्हणतात, “आता परत सांगा.” म्हणजे त्यांनी सांगितलेलं पेशंटनं आपल्या शब्दांत त्यांना सांगायचं. जमलं नाही तर डॉक्टर न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. जमलं तर बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या माणसाला तेच सांगायचं आणि मग घरी जायचं. लाजण्यासारखा आजार असला तर ही शेवटची अट माफ.

त्यामुळं त्या दवाखान्याच्या ओसरीवर कायम शाळा भरल्यासारखं वाटतं. म्हातारे ओठ हलवत पाठ करत बसलेले असतात. एकदा कुर्डुवाडीच्या गाडीत एक बाई कंडक्टरला थायरॉईड समजावत होती. गळ्यात स्टोची किल्ली असती म्हणाली, ती बारीक झाली की अंगातला जाळ मंद होतो, मग माणूस जड होतं, झोप येती, केस गळतात. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवून सगळं ऐकलं आणि विचारलं, “आन् किल्ली मोठी झाली तर?”

“ते मला झालेलं न्हाय,” बाई म्हणाली. “ते डाक्टरला इचारा.”

मी त्यांच्याकडं बरीच वर्षं कंपाउंडर होतो. बी. ए. होऊन नोकरी मिळेना तेव्हा लागलो आणि अंगवळणी पडल्यावर राहिलो. आता माझं भूमला औषधाचं दुकान आहे. परंड्याहून चिठ्ठी घेऊन कुणी आलं की मी काही विचारायच्या आत ते आपण होऊन आजार म्हणून दाखवतं. मला वाटतं, त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय माझा एक दिवस जात नसेल. फक्त तो दुसऱ्यांच्या तोंडून येतो.

डॉक्टरांची ठाम समजूत अशी की आजारानं माणूस जेवढं घाबरतं त्याच्यापेक्षा शब्दानं जास्त घाबरतं. दवाखान्यात काही शब्दांना बंदी होती. ‘निगेटिव्ह’ त्यातला पहिला. एका धनगराच्या बायकोचा थुंकीचा रिपोर्ट क्षयासाठी निगेटिव्ह आला तेव्हा लॅबवाल्यानं नुसताच शब्द सांगितला आणि ती पदर तोंडाला लावून रडत दवाखान्यापर्यंत आली. निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईटच, असं तिनं धरलं होतं. डॉक्टर तिला म्हणाले, “माय, पोलीस घरात चोर हुडकायला आले आन् त्यान्ला चोर घावला न्हाय. आता रडतीस का हसतीस?” ती हसली. तशी लगेच बोट वर करून म्हणाले, “पण घावला न्हाय म्हंजे नव्हताच, असं न्हाय. खोकला ऱ्हायला तर परत यायचं. चोर माळ्यावर बसलेला असतोय कधी.”

‘नॉर्मल’वरही त्यांचा राग होता. नॉर्मल म्हटलं की माणूस गोळ्या बंद करतो म्हणायचे. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळं आहे, आणि छत्री उघडल्यावर अंगावर पाऊस लागत नाही म्हणून कुणी छत्री फेकून देत नाही. बीपी बघताना ते कुणाला बोलू देत नसत. पेशंटला टेकून बसवायचे, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि थोडा वेळ गप्प. बरोबरच्या भावकीलाही गप्प करायचे, कारण बांधाचा विषय निघाला की काटा वर जातो हे त्यांनी पाहिलेलं होतं. पेशंट चुळबुळ करायला लागला तर म्हणायचे, “बांध कुठं पळून चाललाय व्हय? पट्टा सुटला की बोला.”

साखरेचं त्यांचं सांगणं मी आजही जसंच्या तसं माझ्या दुकानात वापरतो. लोक तपासणीच्या आधी दोन दिवस भात, गोड बंद करायचे आणि सकाळी रक्त देऊन खूश व्हायचे. डॉक्टर म्हणायचे, उपाशीपोटीची साखर म्हणजे पाव्हणे यायच्या दिवशी सारवलेलं अंगण. अंगण स्वच्छ दिसणारच. तीन महिन्यांची साखर म्हणजे शेजारणीला विचारणं. ती सगळं सांगते.

आणि सोनोग्राफी. पोटाच्या फोटोला किरण लागतात म्हणून पोटुशा पोरी घाबरायच्या. डॉक्टर त्यांना सांगायचे की ह्यात किरण नसतात, आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा. आडात वाकून हाक मारली की हाक परत येते, ती कशी आली त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. तसं ते यंत्र पोटात हाक मारतं. “मग लेकरू वो देतंय का?” असं एका पोरीनं विचारलं, त्यावर डॉक्टर इतके खूश झाले की त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं.

विचित्रपणाची हद्द म्हणजे, जी तपासणी लोकांना सांगायची ती आपल्यावर करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गरज काही नसताना त्यांनी दुर्बीण गिळली. छातीला तारा लावून पट्ट्यावर धावले. मला घेऊन सोलापूरला गेले, एमआरआयच्या नळकांड्यात झोपले आणि बाहेर आल्यावर तिथल्या माणसाला म्हणाले, परत एकदा आत घाला, मधला एक आवाज नीट ध्यानात आला नाही. तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, ह्यांच्या डोक्याचाच फोटो काढायचाय ना? परत येताना गाडीत डॉक्टर डोळे मिटून आवाज जुळवत होते. आधी पत्र्यावर गारा, मग लांबून मळणीयंत्र, मग दार ठोकल्यासारखं. पुढं परंड्याहून एमआरआयला जाणारा प्रत्येक पेशंट गारा, मळणी, दार एवढं पाठ करून जायचा आणि आत घाबरून ओरडायचा नाही. बायकांच्या छातीच्या फोटोचं मशीन बघायला गेले तेव्हा मात्र तिथल्या बाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. घरी आल्यावर डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, म्हणाल्या, “ह्यान्ला आता बाळंतपण तेवढं ऱ्हायलंय.”

लोकांना वाटतं हा माणूस जन्मतःच असा. तसं नाही. ते आधी ऑपरेशन करायचे. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध. हात इतका हलका की बार्शीचे लोकही त्यांच्याकडं यायचे. तेव्हा ते फार बोलत नसत. ‘परत सांगा’ हे दोन शब्द मी तेव्हा त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ते खरे कुठून आले हे फक्त मला माहीत आहे.

तेव्हाही त्यांना एका शब्दाची मात्र धास्ती होती. भूल द्यायची असली की पेशंटला ‘उपाशी या’ म्हणायचं नाही, ‘निर्जळी या’ म्हणायचं, हा त्यांचा नियम. कारण आपल्याकडं उपाशी म्हणजे उपवास आणि उपवास म्हणजे शाबूची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर केळं आणि चहा. एकादशी, दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणत नाहीत. रक्त द्यायचं असलं तर पाणी चालतं. पण भूल द्यायची तर ठरवून दिलेल्या वेळेपासून पोटात काहीच नको, कारण झोपेत माणसाला उलटी झाली तर ती घशातून फुफ्फुसात उतरते. एरवी आपण खोकून बाहेर काढतो. भूल दिलेल्याला खोकता येत नाही. निर्जळी म्हटलं की मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही. तो शब्द आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना कळतो.

ईट गावचे मामा म्हणजे माझे चुलत सासरे, बायकोचे काका. माळकरी माणूस, मेंढरं आणि थोडी जिरायत. त्यांचा हर्निया डॉक्टरांनी तपासला होता आणि भूल देणारे बार्शीचे डॉक्टर मोकळे असतील त्या दिवशी करू म्हणाले होते. तो दिवस अचानक उद्याचाच निघाला. त्या संध्याकाळी मी बायकोला माहेराहून आणायला ईटला जाणारच होतो. डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, “मामांना उद्या सकाळी घेऊन ये. निर्जळी सांग. उपाशी म्हणू नको बरं.”

एवढं स्पष्ट.

सासरी मी जावई. त्यातून दवाखान्यात कामाला, म्हणजे तिथल्या लोकांच्या लेखी निम्मा डॉक्टरच. पाट मांडला, पाणी दिलं, दोन-चार म्हाताऱ्यांनी आपापली दुखणी दाखवली. मामा समोर हात जोडल्यासारखे बसलेले. त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला मी निर्जळी राहा असं कसं फर्मावू, हे मला त्या क्षणी अवघड वाटलं. नेमकं तसंच वाटलं का, की मोठेपणाच्या नादात शब्द सैल पडला, हे मी इतक्या वेळा उकरून पाहिलंय की आता मलाच कळत नाही. मी म्हणालो, “मामा, उद्या उपाशी यायचं बरं का.”

मामा हसले. “उद्या एकादशी हाय, जावईबापू. उपाशीच असतोय की म्या.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि हात धुवायला आत गेलो तेव्हा चुलीशेजारी पातेल्यात शाबू भिजत होता. मी तो पाहिला. माझ्या मनात काहीतरी हललंसुद्धा. मग वाटलं, घरच्या बायांसाठी असेल. परत ओसरीवर जाऊन सगळ्यांदेखत आपलंच बोलणं दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी बार्शीच्या डॉक्टरांनी टेबलावर विचारलं, “उपाशी आहात ना, बाबा?” मामांनी माळेला हात लावून सांगितलं की कडक उपवास हाय. तो माणूस उभ्या जन्मात खोटं बोलला नसेल. मी तिथंच ट्रे धरून उभा होतो. कमरेतलं इंजेक्शन नीट लागलं नाही म्हणून पूर्ण भूल दिली, आणि थोड्या वेळानं मामांच्या तोंडातून पांढरे फुगलेले दाणे बाहेर आले.

पुढचं थोडक्यात सांगतो. जीप, सोलापूर, तिथं मामा मशीनवर, डॉक्टर बाहेरच्या बाकावर. मामा वाचले. पण छाती कायमची अधू झाली, मेंढरांमागं माळावर जाणं सुटलं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी ओट्यावर बसून काढली. आपल्या एकादशीनं घोळ केला असं त्यांनी धरलं आणि शाबू सोडला. म्हातारपणानं गेले तोवर पुन्हा खाल्ला नाही.

सोलापूरच्या त्या बाकावर डॉक्टरांनी मला विचारलं, “मी तुला काय सांगितलं होतं रे? निर्जळी म्हणालो का उपाशी?”

मला खरं सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. पण डोळ्यांपुढं मामांची पोरं आली, बायको आली, ओसरीवर मांडलेला पाट आला. मी म्हणालो, “उपाशी म्हणालात, साहेब.”

ते उठले आणि मामांची पोरं हॉस्पिटलच्या अंगणात उभी होती तिथं गेले. पोरं तापलेली होती. डॉक्टर म्हणाले, माझा शब्द चुकला. निर्जळी म्हणायचं ते मी उपाशी म्हणालो.

थोरला म्हणाला, “शब्दानं माणूस मरतंय व्हय, डाक्टर?”

“मरतंय,” डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ऑपरेशन केलं नाही. लोकांनी पुष्कळ समजावलं, बाईंनी समजावलं. ते म्हणायचे, “हात पक्का हाय माझा. जीभ कच्ची निघाली.” ऑपरेशनच्या खोलीतला मोठा दिवा काढला. टेबल तसंच ठेवलं, त्याच्यावर पेशंटच्या घरचे बसायला लागले. आणि एके दिवशी, कुणाला तरी डोळ्यांत टाकायचं औषध सांगताना, ते मधेच थांबले आणि म्हणाले, “मी काय सांगितलं ते परत सांगा बरं.” मी औषधाच्या कपाटाशी उभा होतो. मला कळलं, हे आता कायमचं.

तिथून सगळं सुरू झालं. बार्शी, सोलापूर, पुण्याचे रिपोर्ट पिशव्यांत घालून लोक यायला लागले. उपचार तिकडं, समजून घ्यायला परंडा. अँजिओग्राफी म्हणजे हृदय उघडणं नव्हे, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून पाट कुठं तुंबलाय ते बघणं. गाठीचा तुकडा काढून तपासल्यानं गाठ चवताळत नाही, नुसतं ती कोण आहे ते कळतं. असं करत करत किती लोकांची भीती त्या खोलीत उतरली असेल. मी हे सगळं कुतूहलानं बघत आलो. मलाही प्रश्न पडायचा की माणूस चुकीतून एवढा मोठा होऊ शकतो का. आणि मग आठवायचं की चूक तर त्यांची नव्हतीच. मी नोकरी सोडली ती जास्त पैसे मिळतात म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

का सांगितलं नाही? आधी भीतीनं. नंतर मी स्वतःची समजूत घातली की ज्या चुकीवर ह्यांचं सगळं उभं आहे ती काढून घेतली तर ह्यांच्याजवळ काय उरेल. ही समजूत बरीच वर्षं पुरली. पण ती सबब आहे. त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

मागच्या हिवाळ्यात माझी छाती रोज जळायला लागली. बार्शीच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघू म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, आधी परंड्याला जाऊन समजून घेऊ. मी नको म्हणालो, ती ऐकेना. डॉक्टर आता थकलेत, चष्मा जाड झालाय, पण आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. बायको जुन्या टेबलावर बसली, मी समोर.

त्यांनी सांगायला घेतलं. घशात फवारा मारतात, त्यानं घसा बधिर होतो आणि गिळता येत नाहीसं वाटतं. ते तसंच असतं, घाबरायचं नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक कडं देतात. ओकारी येईल, तेव्हा नाकानं सावकाश श्वास घ्यायचा. पोटातली वाफ ढेकर होऊन बाहेर येईल, लाजायचं नाही. झाल्यावर बधिरपणा जाईपर्यंत पाणी प्यायचं नाही, झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आधी सांगायचं. “आन् जायचं कसं?” म्हणाले, “निर्जळी. उपाशी न्हाय.”

मग ते बायकोकडं वळले. “ताई, ह्या शब्दापायी मी तुमच्या चुलत्यांचा गुन्हेगार हाय.”

बायको म्हणाली, “सोडा आता, साहेब. काका लई वर्षं जगले. तुमाला कधी नावं ठेवली न्हाईत त्यांनी.”

“त्यांनी न्हाय ठेवली,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडं वळून खुर्चीत मागं रेलले. “चल. परत सांग.”

मी सांगायला लागलो. फवारा, डावी कूस, दातातलं कडं, ढेकर. सगळं बिनचूक येत होतं. मग मी थांबलो. ते वाट बघत होते, बायको वाट बघत होती. त्याच क्षणी मला दुसरंही काही सांगता आलं असतं.

“निर्जळी जायचं,” मी म्हणालो.

डॉक्टर समाधानानं हसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “बघ. एवढंच म्हणायचं होतं रे मला त्या वेळी. एवढा एकच शब्द.”

आम्ही भूमला परत आलो. दुर्बीण झाली, पोटाच्या तोंडाशी सूज निघाली, गोळ्या चालू आहेत. बायकोला हे वाचूनच कळणार आहे आणि तिच्यापुढं काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

डॉक्टर परंड्यातच आहेत, सकाळी दवाखान्यात बसतात. मी त्यांचं एवढं देणं लागतो, की त्यांच्यासमोर बसून सांगायचं: साहेब, तुम्ही निर्जळीच म्हणाला होता. उपाशी मी म्हणालो. आणि त्यांनी ‘परत सांग’ म्हटलं, तर परत सांगायचं.